लाल डगला, पण चेहरा कुठल्या रंगाचा?

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण तो ब्रश हातात घेऊन ऐकायचा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तुम्ही रंगवले असतील. मी जरा लहान, २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवतो. एवढासा चेहरा, पण त्याला रंग कुठला द्यायचा हा प्रश्न आपल्याला थेट शिरूरला घेऊन जातो.

३१ डिसेंबर १८१७. शिरूर तेव्हा कंपनीची छावणी होती. कॅप्टन स्टाँटन रात्री तिथून पुण्याकडे निघाला. सोबत सुमारे ८०० माणसं. सकाळी ते भीमेकाठच्या कोरेगावला पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य. हीच भीमा पुढे दौंडवरून वाहते. १ जानेवारी १८१८ ला गावाच्या गल्ल्यांमध्ये दिवसभर लढाई झाली.

आता हा सीन रंगवायला घ्या. लाल डगला दिसला की आपला हात आपोआप गुलाबी रंगाकडे जातो. लाल कोट म्हणजे गोरा, हे सिनेमांनी डोक्यात बसवलंय. पण त्या दिवशी लाल डगल्यात होतं बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्रीचं पायदळ. मोजके अधिकारी सोडले तर सगळे इथलेच. कोरेगावच्या स्तंभावर मृतांची ४९ नावं आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' येतं, म्हणजे ते महार शिपाई. मराठे, मुसलमान, ज्यू शिपाईही या पलटणीत होते. आणि पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब आणि गोसावी होते.

मग गोरे कुठे होते? दोन तोफांपाशी. मद्रास तोफखान्याचे २४ युरोपीय गोलंदाज. आणि तोफखान्याचा कोट असायचा निळा! म्हणजे गुलाबी चेहरा निळ्या कोटावर, सावळा चेहरा लाल डगल्यावर. आपण नेमकं उलटं रंगवतो.

हा सावळा रंग ट्यूबमध्ये शोधू नका. शाळेत आपण ज्याला 'स्किन कलर' म्हणायचो, तो आठवतोय? फिकट गुलाबी! वर्गातल्या एकाही पोराचा रंग तसा नव्हता, तरी नाव तेच. म्हणून हा रंग स्वतः बनवायचा. बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग आणि अगदी टाचणीच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन निळा. उजळ करायला पांढरा टाकू नका, चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ऑकर वाढवा. गडद करायला काळा नको, निळा वाढवा. आणि सगळ्या शिपायांना एकच रंग देऊ नका. एका पलटणीत चार छटा असू द्या, माणसं तशीच असतात.

डगल्याचा लालही भडक नको. साध्या शिपायाच्या डगल्याचं कापड आपल्या मंजिष्ठेच्या जातीतल्या झाडाच्या मुळांनी रंगवायचे. तो लाल विटकरीकडे झुकतो. लालमध्ये थोडा सिएना मिसळला की जमतं.

आता ॲक्रिलिकच का? कुठलाही रंग म्हणजे रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. जुन्या लघुचित्रांत हे काम डिंक करायचा. पोस्टर कलरही तसाच, ओला हात लागला की उठतो. ओटो रोम या जर्मन केमिस्टने १९०१ मध्ये ॲक्रिलिकवर डॉक्टरेट केली. त्यावरून पाण्यात मिसळणारे कलाकारांचे रंग १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. पाणी उडालं की प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटतात. मग तो थर पाण्याने सुटत नाही.

यातूनच वापरायचे नियम निघतात. एक, ओला रंग जरा दुधट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून आधी कागदावर लावून, वाळवून बघा. दोन, रंग दुधाइतका पातळ करा आणि दोन-तीन थर द्या. जाड थरात नाक-डोळे बुजतात. तीन, मातीचं चित्र पाणी शोषतं, म्हणून आधी प्रायमरचा हात द्या. चार, डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग त्यावर मिसळा, लवकर वाळत नाही. पाच, ब्रश लगेच धुवा. एकदा रंग वाळला की ब्रश गेला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळण्यात काय इतिहास? पण लहान मुलं पुस्तकाआधी किल्ला बघतात. शिरूरहून त्या रात्री चालत निघालेल्या शिपायाला आपण गुलाबी रंगवलं, की तो आपल्या गोष्टीतूनच पुसला जातो. सिएना आणि ऑकरच्या दोन थेंबांत तो परत येतो.

या दिवाळीत रंगवून बघा, फोटो पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!