उघड्यावरची कॉफी आणि सारखे वाटे



कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावर तीन दगड मांडून चहा ठेवला, की तो घरच्यापेक्षा चांगला का लागतो, यावर आमच्यात परवा बराच वाद झाला. कुणी म्हणालं, धुरामुळे. कुणी म्हणालं, दमल्यावर काहीही गोड लागतं. एक मावशी म्हणाल्या, "तिथं सगळ्यांना एकाच भगुण्यातून सारखा मिळतो ना, म्हणून." त्यांच्या या बोलण्यावरून आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका देशातल्या उघड्यावरच्या चुलींची हकिगत सांगणार आहोत. तिथं चहा नव्हता, कॉफी होती.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं यादवी युद्ध चाललं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, म्हणून ती देशातून फुटली आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई जुंपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामांच्या सुटकेसाठी झटलेले हेच लोक.

उत्तरेच्या सैनिकाला सरकारी शिधा मिळायचा. पूर्वी त्या सैन्यात दारूचा वाटा असे. १८३२ साली तो बंद करून त्याच्या जागी कॉफी आणि साखर आली. यादवीच्या काळात शंभर माणसांच्या एका दिवसाच्या शिध्यात दहा पौंड कच्ची कॉफी असायची. हिशेब केला तर माणशी दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि वर्षाला सोळा किलोंच्या वर. आपल्याकडं एवढ्यात एखाद्या घराचं वर्ष निघेल!

बिया पुष्कळदा कच्च्या, हिरव्याच मिळत. ज्यांनी घरी कधी पाणीसुद्धा गरम केलं नव्हतं असे बाप्ये तव्यात बिया भाजायला शिकले. जातं नाही, खलबत्ता नाही. मग बंदुकीच्या दस्त्यानं ठेचायच्या, नाहीतर दोन दगडांत रगडायच्या. रिकाम्या डब्याला तारेची कडी लावली की झालं भांडं. त्यात पाणी आणि भरड पूड एकत्रच उकळायची. दूध नाही, गाळणी नाही. गाळ खाली बसला की वरचं प्यायचं. शिध्यातलं बिस्कीट इतकं कडक की ते कॉफीत बुडवूनच खावं लागे. त्यातले पोरकिडे वर तरंगले की ते काढून टाकायचे आणि पुढे प्यायचं.

सैन्याचा तळ कुठंही पडो, पाच-दहा मिनिटांचा विसावा मिळो, लगेच ठिकठिकाणी छोटे जाळ पेटत. सरपण कुठून येई? आसपासच्या शेतांच्या कुंपणांचे लाकडी दांडे उपसून. एका रात्रीत कुंपण नाहीसं व्हायचं आणि सकाळी त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या भाजीपाल्यात गुरं शिरलेली असायची. युद्धाच्या पुस्तकांत या कुंपणांना फार जागा मिळालेली नाही.

आम्हाला सगळ्यांत आवडली ती वाटणीची रीत. जॉन बिलिंग्ज नावाचे एक तोफखान्यातले सैनिक होते. त्यांनी १८८७ साली छावणीतल्या रोजच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच कडक बिस्कीट आणि कॉफी आहे. त्यांनी सांगितलंय, की जमिनीवर रबरी कांबळं अंथरून त्यावर जितकी माणसं तितके कॉफीचे ढीग घालायचे. सारखे दिसेपर्यंत इकडची चिमूट तिकडं करायची. तरी कुणाला शंका नको म्हणून ढिगांकडं पाठ करून नावं पुकारायची. भावंडांत आंब्याच्या फोडी वाटताना आपणही हेच करत होतो की! आपला वाटा मिळाला की शहाणा सैनिक त्यात साखर मिसळून कापडी पिशवीत बांधून ठेवी. म्हणजे पावसात एक सांडलं आणि एक उरलं, असं होत नसे.

ही वाटणी साधी गोष्ट नव्हती. पुढे काळे सैनिकही या फौजेत भरती झाले, सुमारे एक लाख ऐंशी हजार. त्यांतले कितीतरी जण कालपर्यंत गुलाम होते. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर आणि काळ्याला १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. हा फरक १८६४ च्या जूनपर्यंत चालला. पण १८६२ च्या कायद्यानं त्यांना एक पूर्ण शिधा ठरवून दिला होता. म्हणजे पगार कमी, पण कॉफीचा हक्क गोऱ्याइतकाच.

आता दुसरी बाजू. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, तशी तिकडं कॉफी मिळेनाशी झाली. मग राय नावाचं धान्य, रताळी, भेंडीच्या बिया, चिकोरीची मुळं, जे हाती लागेल ते भाजून 'कॉफी' होऊ लागली. १८६३ साली रिचमंड शहरात टंचाईतल्या पाककृतींचं एक पुस्तक निघालं. त्यात ओक झाडाची बोंडं भाजून, त्यात थोडी डुकराची चरबी घालून कॉफी करायची कृती आहे. आपल्या कोकणातही टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीसारखं पितात, तेव्हा त्या बायकांना हसायचं कारण नाही. मात्र एक लक्षात घ्या. मोठ्या घरांतल्या मालकिणी या खटपटींबद्दल लिहून ठेवत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तव्यापाशी उभी असायची ती बहुधा गुलाम बाई. तिला लिहायला शिकवणंच कितीतरी राज्यांत गुन्हा होता.

कॉफीसाठी शत्रूशीही सौदे झाले. १८६२-६३ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन फौजा समोरासमोर होत्या. अलीकडून फळकुटाच्या चिमुकल्या होडीला शीड लावून कॉफी सोडायची, पलीकडून तीच होडी तंबाखू घेऊन परत यायची. अधिकाऱ्यांची मनाई होती, तरी होड्या चालूच राहिल्या.

आणि ही कॉफी येत कुठून होती? बरीचशी ब्राझीलमधून. तिथल्या मळ्यांवर बिया वेचणारे, वाळवणारे स्त्री-पुरुष गुलामच होते. अध्यक्ष लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ ला फुटीर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्या मुक्तीसाठी लढणारी फौज रोज सकाळी गुलामांच्या हातची कॉफी पिऊन उभी राहत होती. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती थेट १३ मे १८८८ ला. हे वाचलं तेव्हा आमच्यात थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या सैनिकांना दोष द्यायचा का? आमच्यात एकमत झालं नाही. आपला चहा कुणी खुडला, हे आपण तरी कधी विचारतो?

या युद्धात एका कॉफीवाल्याचं नाव मोठं झालं. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटम इथं एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या धुमश्चक्रीत शिधा सांभाळणारा एकोणीस वर्षांचा सार्जंट गाडीत गरम कॉफी आणि जेवण घालून, गोळीबारातून आपल्या पलटणीपर्यंत घेऊन गेला. त्याचं नाव विल्यम मॅकिन्ली. पुढे तो देशाचा अध्यक्ष झाला. १९०३ साली त्या रणांगणावर त्याचं स्मारक उभं राहिलं आणि त्यावर कॉफी देतानाचं शिल्प कोरलं आहे.

त्याच फौजेच्या नियमांत प्रत्येक तुकडीमागं चार धुणाऱ्या बायका ठेवायची सोय होती आणि त्यांनाही रोज एक शिधा ठरलेला होता. सूझी किंग टेलर ही जॉर्जियातली गुलामीत जन्मलेली मुलगी. चौदाव्या वर्षी पळून उत्तरेच्या छावणीत आली आणि काळ्या सैनिकांच्या एका पलटणीत धुणारी म्हणून नोंदली गेली. ती धुणं धुई, जखमींची शुश्रूषा करी, आणि उरलेल्या वेळात सैनिकांना अक्षरं गिरवायला शिकवी. मॅकिन्लींच्या स्मारकाच्या आदल्या वर्षी, १९०२ साली, तिनं बोस्टनमध्ये स्वतःच आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं. चार वर्षं आणि तीन महिने आपण हे काम केलं आणि एक डॉलरही पगार मिळाला नाही, असं तिनं त्यात लिहून ठेवलं आहे.