घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

चाकणच्या कंपनीतून पाळी करून आलेला माणूस घोरायला लागला, की आपण म्हणतो, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." पण घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद श्वासच येत नाही आणि मग तो गुदमरल्यासारखा दचकतो, तेव्हा ती गाढ झोप नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

यावरचा पहिला खात्रीचा इलाज फार कठोर होता. १९६९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी गळ्याला समोरून छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. झोप सुधारली, पण गळ्यात कायमची नळी आली.

१९८१ साली दोन नव्या वाटा निघाल्या. अमेरिकेत डॉ. फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ आणि टाळूचा सैल भाग काढून घसा मोकळा केला. ऑस्ट्रेलियात डॉ. सुलिव्हन यांनी काहीही न कापता, नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र वापरलं. तेच आजचं सीपॅप.

टाळूची शस्त्रक्रिया सगळ्यांना लागू पडेना, कारण काहींची वाट जिभेमागे अडते. म्हणून जबडा पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया आली. २०१४ साली अमेरिकेत छातीत बसवायच्या एका यंत्राला मान्यता मिळाली. ते झोपेत जिभेच्या नसेला इशारा देतं.

यातून आपण एवढं शिकायचं: आधी झोपेची तपासणी, मग इलाज. मोठ्यांना बहुधा वजन कमी करणं आणि सीपॅप आधी सांगतात. ते जमलं नाही तर शस्त्रक्रिया. लहान मुलांच्या टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्या असतील, तर मात्र त्या काढणं हाच बहुधा पहिला इलाज असतो.

हा आजार परदेशातलाच नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. २००४ साली छापलेल्या त्या पाहणीत १०० मागे ७ ते ८ जणांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. पाळी संपल्यावर आपल्यालाही तो होऊ शकतो. बाईनं घोरण्याची लाज वाटून गप्प बसू नये.

झोपलेल्याला आपला श्वास अडलेला कळत नाही. शेजारी जागी असते ती आपण. दिवसा डुलक्या घेणारा माणूस नाशिक रस्त्यावर गाडी चालवतो, तेव्हा आपलं गप्प राहणं महागात पडेल. मोबाईलवर तो आवाज टिपून घ्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवा.