खेड शिवापूर टोलनाका विरोधी आंदोलन

खेड शिवापूर टोलनाका विरोधी आंदोलन हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्यात, पुणे–सातारा महामार्गावरील खेड शिवापूर येथील पथकर नाक्याविरुद्ध चाललेले स्थानिक नागरिकांचे आंदोलन आहे. हा नाका राष्ट्रीय महामार्ग ४८ वर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४) कात्रजच्या दक्षिणेस आहे. नाका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीबाहेर हलवावा आणि तोपर्यंत स्थानिक वाहनांना पथकरातून सूट मिळावी, या आंदोलनाच्या प्रमुख मागण्या आहेत. आंदोलकांचा मुख्य आक्षेप नाक्याच्या जागेला आणि वसुलीच्या वेळेला आहे.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाच्या पाचव्या टप्प्यात चौपदरी महामार्ग सहापदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यात देहू रोड ते सातारा हा सुमारे १४० किलोमीटरचा भाग होता. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हे काम २०१० मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर या खासगी कंपनीला दिले. करारानुसार रस्त्याची रचना, बांधणी, भांडवल उभारणी आणि देखभाल ही कंपनीची जबाबदारी असून त्या बदल्यात तिला २४ वर्षे पथकर वसूल करण्याचा अधिकार मिळाला. या मार्गावर खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके आहेत.

पाचव्या टप्प्यातील करारांचे एक वैशिष्ट्य असे की, आधीचा चौपदरी रस्ता वापरात असल्यामुळे सहापदरीकरण सुरू होण्याच्या दिवसापासूनच कंपनीला पथकर घेता येत असे. त्यानुसार १ ऑक्टोबर २०१० पासून वसुली सुरू झाली. काम मार्च २०१३ पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित होते, मात्र भूसंपादन आणि विविध परवानग्यांच्या अडचणींमुळे ते अनेक वर्षे लांबले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही या विलंबाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. या काळात वसुली मात्र चालू राहिली.

नागरिकांचे आक्षेप

अपूर्ण रस्त्याचा पथकर : वळणरस्ते, खड्डे, अर्धवट सेवारस्ते आणि उड्डाणपुलांच्या कामांमुळे होणारी कोंडी यांतून प्रवास करीत असतानाही पूर्ण दराने पथकर द्यावा लागतो, ही पहिली तक्रार होती.

अंतराचा विचार न करणारी आकारणी : या महामार्गावर खुली पथकर पद्धत आहे. पथकराचा दर रस्त्याच्या ठरावीक लांबीवरून निश्चित होतो. परंतु प्रत्यक्षात नाका ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहनाला, ते पुढे किती अंतर जाणार आहे याचा विचार न करता, तेवढीच रक्कम भरावी लागते. पुण्याहून निघून कापूरहोळ येथे भोर किंवा नारायणपूरकडे वळणारा प्रवासी महामार्गाचा अल्प भागच वापरतो. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणारे कामगार, पुण्याच्या बाजारात माल आणणारे शेतकरी, तसेच शिक्षण व उपचारांसाठी शहरात येणारे भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील रहिवासी यांच्यावर या पद्धतीचा भार अधिक पडतो.

वाढते शहर : ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यांत आंबेगाव, नऱ्हे, भिलारेवाडी, मांगडेवाडी अशा कात्रज परिसरातील गावांचा समावेश होता. शहराची हद्द दक्षिणेकडे सरकल्याने, एकेकाळी बाहेरगावच्या प्रवासावर असलेला नाका आता दैनंदिन ये-जा करण्याच्या मार्गात आला आहे, असे आंदोलकांचे म्हणणे आहे.

कायदेशीर तरतुदी

राष्ट्रीय महामार्ग शुल्क (दर निर्धारण व वसुली) नियम, २००८ नुसार नाका सर्वसाधारणपणे नगर हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नसावा. लेखी कारणे नोंदवून हे अंतर ५ किलोमीटरपर्यंत कमी करता येते. एकाच मार्गावर, एकाच दिशेने दोन नाक्यांत सर्वसाधारणपणे ६० किलोमीटर अंतर असावे, असेही नियमांत म्हटले आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बिगर-व्यावसायिक वाहनांना काही अटींवर मासिक पास मिळतो. त्याचा मूळ दर २००७-०८ या वर्षासाठी १५० रुपये होता व तो दरवर्षी वाढतो. पास ही सवलत आहे, माफी नव्हे, हा आंदोलकांच्या मागणीतील आणि नियमातील मूलभूत फरक आहे.

आंदोलनाचा घटनाक्रम

आंदोलनासाठी शिवापूर टोलनाका हटाव कृती समिती स्थापन झाली व तीत विविध पक्षांचे कार्यकर्ते व ग्रामस्थ सहभागी झाले. फेब्रुवारी २०२० मधील आंदोलनानंतर एमएच-१२ (पुणे) आणि एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) क्रमांकाच्या वाहनांना सूट देण्याचे मान्य करण्यात आले.

फेब्रुवारी २०२१ पासून देशभर फास्टॅग सक्तीचा झाला आणि या सवलतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. फास्टॅग लावलेले वाहन नाक्यावरून जाताच खात्यातून रक्कम आपोआप वळती होते. त्यामुळे कर्मचाऱ्याने वाहनाचा क्रमांक पाहून दिलेली सूट, यंत्रणेत नोंद झाल्याशिवाय टिकू शकत नाही. फास्टॅग नसल्यास दुप्पट शुल्क आकारण्याची तरतूद असल्याने स्थानिकांची अडचण वाढली.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी नाका स्थलांतरित करण्याची मागणी वेळोवेळी मांडली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुणे–कोल्हापूर महामार्गाच्या दुरवस्थेविरुद्ध काँग्रेसने विविध नाक्यांवर आंदोलन केले. त्यात खेड शिवापूर येथे भोरचे तत्कालीन आमदार संग्राम थोपटे सहभागी होते.

शासकीय भूमिका

हा नाका राष्ट्रीय महामार्गावर असल्याने त्याबाबतचा निर्णय केंद्र शासन व महामार्ग प्राधिकरण यांच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्र शासनाने १ जून २०१५ पासून १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर लहान वाहने व एस. टी. बस यांना सूट दिली, तरी तो निर्णय राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांपुरता होता. शिवाय खासगी कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार असल्याने नाका हलविल्यास अथवा माफी दिल्यास महसुलाच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवतो.

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत ६० किलोमीटरच्या आतील अतिरिक्त नाके बंद करण्याची व स्थानिकांना आधार ओळखपत्राच्या आधारे पास देण्याची घोषणा केली. नाक्यांच्या संख्येबाबतची घोषणा दोन नाक्यांमधील अंतराशी संबंधित होती. नाका आणि विस्तारणारे शहर यांमधील अंतराचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांचा, एक वर्ष किंवा २०० फेऱ्यांपर्यंत चालणारा फास्टॅग पास उपलब्ध झाला. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्यास तो सुमारे १०० दिवस पुरतो.

इतर आंदोलने

कोल्हापूरमध्ये शहरांतर्गत रस्त्यांवरील पथकराविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन झाले आणि अखेर तेथील पथकर रद्द झाला. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ पासून पथकरमाफी मिळाली. केरळमधील पालियेक्करा नाक्यावरील वसुली, रस्त्याच्या दुरवस्थेमुळे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरती थांबविली व सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. रस्ता वापरण्यायोग्य नसताना पथकर घ्यावा काय, हा खेड शिवापूर येथे उपस्थित झालेला प्रश्न त्यामुळे न्यायालयीन पातळीवरही चर्चिला गेला.

हेही पाहा

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग
राष्ट्रीय महामार्ग ४८
फास्टॅग