वळचण आणि खिडकी

कोल्हापुराहून गगनबावड्यास निघालेला माणूस पंचावन्न किलोमीटरांत दोन पावसाळे पाहतो. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस. आमच्या बावड्यात ५,००० च्याही वर. आणि तो सरळ पडेल तर शपथ! घाटमाथ्यावरचा वारा त्याला आडवा करतो, नि आडव्या पावसाला घरात शिरायची सोपी वाट म्हणजे खिडकी. लोक इथला इतिहास गगनगडावर शोधतात. मला तो खिडक्यांतही सापडतो.

जुन्या घरांतली खिडकी हातभर रुंदीची. बाहेरून उभे गज, आतल्या अंगाला दोन फळ्यांची दारे. कित्येकांना बिजागरीसुद्धा नसे. फळीच्या वरखाली ठेवलेल्या खुंट्या चौकटीच्या भोकांत फिरत. आत उघडणारे दार म्हणजे पाण्याला आमंत्रण, असे आजचा इंजिनिअर म्हणेल, आणि त्याचे खरेच आहे. पण त्या खिडकीवर छपराची वळचण अशी खाली उतरलेली असे की, पागोळ्या भिंतीपासून चांगल्या दूर पडत. पाऊस छपराने अडवावा, दाराने वारा नि चोर पाहावा, अशी ही वाटणी होती.

लाकूड सागाचे, नाहीतर फणसाचे. या फणसावरून बावड्याचेच एक मोठे नाव आठवते. बावडेकर घराण्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू देऊ नये, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. अगदी जीर्ण झालेले झाड मालकाला राजी करून, मोल देऊनच तोडावे. खिडकीच्या चौकटीमागे एवढे राज्यशास्त्र होते!

पुढे साहेबाच्या बंगल्यांबरोबर बाहेर उघडणारी, काचेच्या तावदानांची मोठी खिडकी आली. मग सिमेंटचा स्लॅब आला आणि वळचणच गेली. खिडकी राहिली, छत्री हरपली.

गेल्या चैत्रात मी घराच्या खिडक्या बदलल्या. माझा आग्रह जुन्या रीतीचा, दारे आत उघडण्याचा. मिस्त्री ऐकेना. “गुरुजी, दार भाईर उघडू द्या. वारं जेवढं ढकलंल तेवढं ते चौकटीत घट्ट बसंल.” गज आत घेतले, कडीला हात पोचावा म्हणून त्यांत जागा ठेवली. उघडे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आकडा. चौकटीखालचा कट्टा बाहेरच्या बाजूस उतरता केला, छज्जाच्या कडेखाली बोटभर खोबण काढली. तीमुळे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच खाली गळते. बिजागऱ्या पितळी, कारण लोखंडाला इथे गंज लवकर धरतो. आणि दोन दारांत त्याने मुद्दाम फट ठेवली. चैत्रात ती मला खुपत होती. आषाढात लाकूड फुगले नि दिसेनाशी झाली.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र त्याने मोठी खिडकी काढूच दिली नाही. “तितं हातभरच,” म्हणाला.