ज्युवेनाईल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा

ज्युवेनाईल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा ही नाकाच्या मागील भागात होणारी दुर्मीळ गाठ आहे. ती जवळजवळ केवळ किशोरवयीन मुलांमध्ये आढळते. ही गाठ कर्करोगाची नसते व शरीरात इतरत्र पसरत नाही. मात्र ती आजूबाजूच्या हाडांना झिजवत डोळ्याची खोबण, गाल आणि कवटीच्या तळापर्यंत वाढू शकते. तिच्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर अपुरा असल्याने त्या आकुंचन पावत नाहीत व रक्तस्राव लवकर थांबत नाही.

== लक्षणे ==
एका नाकपुडीचे सतत चोंदणे आणि वेदनेविना वारंवार रक्त येणे ही प्रमुख लक्षणे होत. गाठ वाढल्यास गालावर सूज येते, डोळा पुढे येतो किंवा ऐकू कमी येते. विदर्भातील कडक उन्हाळ्यात घोळणा फुटणे नेहमीचे असल्याने ही लक्षणे दुर्लक्षित राहू शकतात. किशोरवयीन मुलाच्या एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल व तीच नाकपुडी चोंदलेली असेल, तर दुर्बिणीने तपासणी आवश्यक ठरते.

== निदान ==
नाकातील दुर्बीण, सीटी स्कॅन व एमआरआय यांवरून निदान होते. गालाच्या पोकळीची मागील भिंत पुढे ढकललेली दिसणे, या खुणेस 'हॉलमन-मिलर चिन्ह' म्हणतात. गाठीचा तुकडा काढून तपासणे टाळले जाते, कारण त्यामुळे जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

== उपचार ==
शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. त्याआधी साधारणतः १ ते ३ दिवस अँजिओग्राफी करून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या जातात. यास एम्बोलायझेशन म्हणतात. लहान व मध्यम गाठी दुर्बिणीद्वारे नाकातूनच काढता येतात. मोठ्या गाठींसाठी बाहेरून छेद घ्यावा लागू शकतो. काढता न येणाऱ्या गाठींसाठी किरणोपचाराचा विचार होतो. काही भाग उरल्यास गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणी केली जाते.

== वर्धा जिल्ह्यातील वैद्यकीय संस्था ==
डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या जिल्ह्यातील दोन वैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. दोन्हींशी संलग्न रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.