संघ निवडणारे आणि संघ पाहणारे

'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्यांत जितक्या अभिमानानें तितक्याच विनोदानें उच्चारली जाते. ज्या गांवास थेट जर्मनीशीं नातें जोडण्याचा संकोच वाटत नाहीं, त्या गांवास मुंबईच्या क्रिकेट-संघांत कोणाला घ्यावें व कोणाला वगळावें हें ठरविण्याचा अधिकार आपलाच आहे असें वाटलें तर नवल नाहीं. सन २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगसाठीं खेळाडूंचे लिलाव होऊं लागले. लिलावाचा दिवस जवळ आला कीं चहाच्या दुकानांतून जी चर्चा चालते ती ऐकणाऱ्यास, हे गृहस्थ कोट्यवधि रुपये खिशांत घालूनच घरून निघाले असावेत, असा भास होतो. अमका गोलंदाज महाग पडला, तमक्या फलंदाजाचें वय झालें, मालकास खेळांतलें कांहीं कळत नाहीं, असे निकाल भराभर दिले जातात. चहाचे पैसे कोणीं द्यावयाचे एवढा एकच प्रश्न अनिर्णीत राहतो.

हा छंद केवळ आपलाच आहे असें मात्र नव्हे. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें सन १८९१ मध्यें अमेरिकेंत काढला. तेथील धंदेवाईक संघांत १९४७ पासून नव्या खेळाडूंच्या निवडीची एक विलक्षण पद्धति चालत आली आहे : जो संघ गेल्या वर्षीं सर्वांत दुबळा ठरला त्याला नव्या तरुणांतून आपला गडी आधीं निवडण्याची संधि द्यावयाची. जाणूनबुजून हरण्याचा मोह कोणास होऊं नये म्हणून १९८५ पासून त्यांत सोडतीचीहि भर पडली. त्या सोडतीपूर्वीं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची उंची, हातांची लांबी आणि उडी यांवर प्रेक्षक महिनेच्या महिने वाद घालतात. परंतु या वादांत काय किंवा आमच्या चहाच्या दुकानांत काय, एक गोष्ट सर्वांनीं गृहीत धरलेली असते. ती ही कीं, निवडणारा चुकला तर बुद्धीनें चुकेल. त्याला चांगला खेळाडू हवाच आहे.

एके काळीं मुंबईंत हें गृहीत धरण्याची सोय नव्हती. त्या काळच्या प्रेक्षकांनीं जो वाद घातला तो आजच्या वादांहून निराळा होता, आणि तो येथें थोड्या विस्तारानें सांगावा असें आम्हांस वाटतें.

मुंबईचे सामने आधीं युरोपियन आणि पारशी यांच्यांत होत. १९०७ मध्यें हिंदू त्यांत नियमानें आले, तेव्हां ते तिरंगी झाले; १९१२ मध्यें मुसलमानांचा संघ येतांच चौरंगी, आणि १९३७ मध्यें इतरांचा पांचवा संघ येऊन पंचरंगी. संघ धर्मावरून पाडण्यांत आजच्या वाचकास विचित्र वाटेल असें पुष्कळ आहे. पण हिंदूंचा म्हणून जो एक संघ म्हणवीत असे तो तरी कोठें एक होता? गौड सारस्वतांचा क्लब वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजराथ्यांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा. या सर्वांतून अकरा गडी वेंचण्याचें काम परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडे असे. असल्या निवडींत कोणाची वर्णी लागली व कोणाची राहिली याची चर्चा घरोघरीं होणारच.

या मंडळींत बाळू पालवणकर आले ते अगदीं निराळ्या वाटेनें. त्यांचा जन्म धारवाडास, १८७५-७६ च्या सुमारास, चर्मकार कुटुंबांत झाला. घराण्याचें नांव कोंकणांतल्या पालवण गांवावरून पडलेलें. लहानपण पुण्यास गेलें. तेथें पारशांच्या एका क्लबांत मैदान झाडणें, रूळ फिरविणें आणि सभासदांस सरावासाठीं चेंडू टाकणें हें काम त्यांस महिना तीन रुपयांवर मिळालें. पुढें युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत ते चार रुपयांवर गेले. ग्रेग नांवाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज तेथें होता. तो इतरांच्या आधीं येऊन तास न् तास बाळूंच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर सराव करी, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देई असें सांगतात. बाळूंचे हात चेंडूवर अशा रीतीनें तयार झाले. बॅट मात्र त्या मैदानावर कोणीं त्यांच्या हातीं दिली नाहीं. फलंदाजी ही साहेबांची, आणि चेंडू टाकणें हें चाकराचें, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदू संघापुढें मोठा पेंच पडला. युरोपियनांस हरवावयाचें तर हा गोलंदाज हवा; आणि हा गोलंदाज घ्यावयाचा तर त्याच्यासह एका मैदानावर उतरावें लागणार. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली. बाळूंस संघांत घेतलें; पण चहाच्या वेळीं इतर गडी आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूंस तो बाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. चेंडू मात्र सर्वांच्या हातांतून फिरून त्यांच्याकडे येई व पुन्हां सर्वांकडे जाई. चेंडू कातड्याचाच असतो याची आठवण त्या वेळीं कोणास झाली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

प्लेगनंतर बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. त्या सामन्यांत बाळूंनीं आठ गडी बाद केले, आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेहि संघांत होते. १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडास गेला. सामन्यांमागून सामने तो हरत होता, तरी बाळूंनीं त्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. येथवर निवडीचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. गडी म्हणून ते सर्वांस हवे होते. कप्तान म्हणून ते कोणासच सुचत नव्हते.

असें म्हणतांना एका माणसाचा अपवाद केला पाहिजे. हिंदू संघाचे कप्तान एम. डी. पै यांच्या सत्कारप्रसंगीं, १९१३ मध्यें, पैंनीं स्वतःच बोलून दाखविलें कीं हा मान वडीलकीच्या आणि अनुभवाच्या दृष्टीनें बाळूंचा होता. सत्काराच्या सभेंत नम्रतेचीं वाक्यें पुष्कळ बोललीं जातात व तीं तेथेंच राहतात. हें वाक्य राहिलें नाहीं. पुढें दरसाल संघ जाहीर होई तेव्हां बाळू कप्तान कां नव्हेत, आणि बाळूंचें वय झालें असेल तर विठ्ठल कां नव्हेत, हा प्रश्न क्रिकेटवेड्या मुंबईंत निघूं लागला. बाळूंचे सर्वांत धाकटे बंधू विठ्ठल हे त्या वेळीं हिंदूंच्या उत्तम फलंदाजांत मोडत.

१९२० सालीं हा विषय उकळून वर आला. बाळूंस संघांतून वगळण्यांत आलें. पंचेचाळिशीच्या गोलंदाजास वगळणें हें, खरें बोलावयाचें तर, सर्वस्वीं अन्यायाचें नव्हतें. ज्यानें बाळूंची बाजू घ्यावयाची त्यानेंहि हें कबूल करावें. परंतु पै आजारी पडल्यामुळें पहिल्या सामन्यासाठीं दुसरा कप्तान नेमण्याची वेळ आली, तेव्हां निवड कमिटीनें विठ्ठल यांस डावलून पुण्याचे प्रो. दि. ब. देवधर यांस नेमलें. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक व थोर फलंदाज. त्यांच्या योग्यतेविषयीं पुढें कोणीं शंका घेतली नाहीं आणि आम्हीहि घेत नाहीं. पण त्या वर्षीं विठ्ठल त्यांना वडील होते, संघांत जुने होते, आणि खेळानें कोठेंहि उणे नव्हते. मग उरलें काय, तें सर्वांस कळत होतें. विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि योग्यतेपेक्षां जात मोठी मानली गेल्याचें जाहीर निवेदन काढलें.

त्याच हिवाळ्यांत नागपूरास काँग्रेसनें असहकारितेचा ठराव केला आणि अस्पृश्यता-निवारणाचीहि हांक दिली. त्यामुळें हिंदू जिमखान्याची पंचाईत अशी झाली कीं, वर्तमानपत्रांच्या एका पानावर जी गोष्ट देशाचें कर्तव्य म्हणून छापली जात होती, तीच खेळाच्या पानावर त्यांच्या विरुद्ध जात होती. कमिटीनें तडजोड काढली. पुढील सामन्यासाठीं पै कप्तान म्हणून परतले, बाळूंस परत बोलावून उपकप्तान नेमलें, आणि विठ्ठल-शिवराम पुन्हां खेळावयास आले. सामना चालूं असतां पै कांहीं वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ हिंदूंचें नेतृत्व बाळूंनीं केलें. बाळूंच्या वांट्यास चौरंगी सामन्यांत कप्तानी आली ती एवढीच. पैंनीं तें जाणूनच केलें असें मानण्यास १९१३ चें त्यांचें भाषण पुरेसें आहे.

हा सारा विजय प्रेक्षकांच्या न्यायबुद्धीचा होता असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. बाळूंसाठीं टाळ्या पिटणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्यांस आपल्या ओसरीवर बसवून घेतलें असतें ? गर्दीस जिंकणें आवडतें, आणि पालवणकर बंधू सामने जिंकून देत होते. तरी त्या गर्दींत एक गुण होता जो कमिटींत नव्हता. ती धावा आणि बळी मोजीत असे, आणि मोजलेलें विसरत नसे. सभासदत्व नाहीं, मत नाहीं, खुर्चीहि नाहीं, अशा लोकांनीं वर्षानुवर्षें एकच हिशेब पुढें मांडला तेव्हां निवडणाऱ्यांस त्याचें उत्तर द्यावें लागलें. आमचा परभणी जिल्हा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता आणि येथील कोणाचा आवाज मुंबईच्या कमिटीपर्यंत पोहोंचण्याचा संभव नव्हता. परंतु मैदानाच्या दोरीबाहेर उभा असलेला गिरगांवचा कारकून तरी त्या कमिटीच्या कितीसा जवळ होता!

१९२३ मध्यें विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या संघानें अंतिम सामन्यांत युरोपियनांस हरविलें. प्रेक्षकांनीं त्यांस खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलें. त्या खांद्यांत सर्व जातींचे खांदे होते, आणि त्यांपैकीं कोणीं घरीं जाऊन स्नान केलें याची नोंद कोठें नाहीं. पुढें विठ्ठल यांनीं आपल्या खेळाच्या आठवणी मराठींत लिहिल्या; 'माझें क्रीडा-जीवन' हें त्यांचें पुस्तक १९४८ मध्यें, म्हणजे आमचा जिल्हा निजामी राजवटींतून सुटला त्याच सालीं, प्रसिद्ध झालें.

बाळू मात्र तोंवर दुसऱ्याच मैदानावर उतरले होते. विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर १९३२ मध्यें त्यांचा व डॉ. आंबेडकर यांचा मतभेद झाला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकींत काँग्रेसनें आंबेडकरांविरुद्ध बाळूंस उभें केलें. या खेपेस निवड जिमखान्याच्या दिवाणखान्यांत बसून व्हावयाची नव्हती. मतपेटी गिरणगांवांत ठेवली होती. एके काळीं बाळूंच्या बळींचा हिशेब ठेवणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण त्या मतदारांत असतील. त्यांनीं आंबेडकरांस निवडलें, आणि बाळू सुमारें दोन हजार मतांनीं पडले.