अण्णाभाऊ साठे यांच्या प्रेमकादंबऱ्या

तुकाराम भाऊराव ऊर्फ अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९) यांच्या प्रेमप्रधान कादंबऱ्या. लेखकाचे जन्मगाव वाटेगाव (ता. वाळवा) तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. या परिसरातील वारणा नदीकाठची रांगडी बोली आणि रोखठोक संवाद ही या लेखनाची खूण. ‘वैजयंता’ या कादंबरीत तमाशा कलावंतिणीची कथा येते : फडावर ढोलकी कडाडते, चाळ वाजतात, शिट्ट्या पडतात, पण त्या गर्दीत तिला हवे असते मानाचे प्रेम. या कादंबरीवरील चित्रपट १९६१ मध्ये आला. नायिका जयश्री गडकर. ‘अलगूज’ व ‘आवडी’ या कादंबऱ्यांवरही चित्रपट निघाले.